नागसेनवनातून वाकडला

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की वाकडला लागून असलेल्या डांगे चौकातली झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत बंद होत नाहीत. काचेवर चिकटवलेल्या कागदांवर ‘कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म’, ‘महाडीबीटी’, ‘कास्ट व्हॅलिडिटी’ असे शब्द ठळक अक्षरांत असतात. बाहेर लावलेल्या दुचाकींच्या पाट्या वाचत गेले तर मराठवाड्याचा नकाशाच समोर येतो. एमएच-२० छत्रपती संभाजीनगरची, २३ बीडची, २४ लातूरची, २६ नांदेडची. वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तोवर कस्पटे वस्ती, भुजबळ वस्ती, विनोदे वस्ती ही नावे शेतीवाडीची होती. आता ती सोसायट्यांच्या पत्त्यात उरली आहेत, आणि त्या सोसायट्यांत हिंजवडीला नोकरी करणारी, गाव सोडून आलेली पहिली किंवा दुसरी पिढी राहते.

या घरांपैकी काही घरांत ‘मिलिंद’ हे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कॉलेजाचे नाव आडनावासारखे वापरले जाते. आजोबा मिलिंदचे, काका मिलिंदचे, गावातले पहिले मास्तर मिलिंदचे. ज्या मुलीचा ऑप्शन फॉर्म भरला जात असतो, तिच्या यादीत मात्र मिलिंद नसते. सीओईपी असते, पीआयसीटी असते आणि घराजवळचे म्हणून ताथवड्याचे राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय असते. यात गैर काहीच नाही. आजोबांना जी दारे बंद होती ती नातीला उघडी आहेत, आणि ती त्यातून आत जाते आहे.

मग ज्या कॉलेजाने आजोबांना बीए केले, त्याने आता काय करायचे?

हा प्रश्न अमेरिकेत सत्तर वर्षे विचारला जात आहे. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांसाठी निघालेली फिस्क, हॉवर्ड, मोरहाउस, हॅम्प्टन, टस्कीगी ही कॉलेजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांना जवळजवळ एकमेव आसरा होती. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि पुढच्या दोन दशकांत गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे हळूहळू, अनेक ठिकाणी पोलीस बंदोबस्तात, उघडली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या अशा कॉलेजांची व्याख्या केली, त्यांना निधी ठेवला. आज ती शंभरच्या आसपास आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे १८ टक्के या कॉलेजांत होते. अलीकडच्या दशकात हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. पण कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या पदव्यांत या कॉलेजांचा वाटा त्याहून मोठा, १३-१४ टक्क्यांचा आहे. लुइझियानातले झेवियर विद्यापीठ आकाराने लहान. वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीय विद्यार्थी पाठवण्यात मात्र ते देशातल्या बड्या विद्यापीठांच्या पुढे राहिले आहे.

दार उघडल्याचा हिशेब तिथे सरळ लागला नाही. शाळा एकत्र झाल्या तेव्हा दक्षिणेत बंद पडल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक घरी बसले. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड स्टेट कॉलेजची कथा तर विलक्षणच. १८९५ साली कोळसा खाणीतल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या मुलांसाठी निघालेल्या या कॉलेजात १९६०च्या दशकात गोरे विद्यार्थी बहुसंख्य झाले. कायद्याच्या नोंदीत ते आजही ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय’ आहे. एकत्र येण्याचे ओझे कोणत्या बाजूने उचलायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा दुबळ्या बाजूच्या खात्यावर पडते, हे या उदाहरणांतून दिसते.

महाराष्ट्राला अमेरिकेचा दाखला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंच्या वतीने जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले होते. हे ड्यू बॉइस आधी फिस्कचे आणि मग हार्वर्डचे विद्यार्थी. वेगळ्या शाळा हव्यात की एकत्र, या वादावर त्यांनी १९३५ मध्येच एक लेख लिहिला होता. त्यातला त्यांचा रोख असा की मुलाला सहानुभूतीने शिकवणारे कुणी नसेल, तर दोन्ही प्रकारच्या शाळा सारख्याच निरुपयोगी.

आपल्याकडे वेगळे काढण्याचा कायदा नव्हता. त्याची गरजच नव्हती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा त्याला नाकारायला रूढी पुरेशी ठरली आणि सरकारने त्या रूढीपुढे मान तुकवली. त्याच्या चार वर्षे आधीच पुण्यात फुल्यांच्या महार-मांगांसाठीच्या शाळा चालू झाल्या होत्या. अशाच एका शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. म्हणजे आपल्याकडेही वेगळी शाळा निघाली ती वगळलेल्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी काढलेली.

ब्राउन खटल्याशी थेट मिळतीजुळती घटना कोल्हापुरात घडली, आणि तीही पस्तीस वर्षे आधी. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतर सरकारी शाळांत इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. शाहूंच्या चरित्रात हा हुकूम हटकून येतो. त्याच्याशेजारी ठेवून वाचावी अशी दुसरी गोष्ट मात्र सुटून जाते: शाळा एकत्र केल्या तरी महाराजांनी वसतिगृहे बंद केली नाहीत. १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेली मालिका जैन, मुस्लिम असे करत चालू होती. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये निघालेले मिस क्लार्क बोर्डिंगही त्यात होते. वर्गात सगळे एकत्र, पण संध्याकाळी परतायला आपले असे छप्पर. शाळेचे दार हुकमाने उघडता येते. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात खोली मिळण्यासाठी हुकूम पुरत नाही, हे त्या राजाला कळत होते.

भाऊराव पाटलांनी याच्या पुढची पायरी गाठली. साताऱ्यात १९२४ मध्ये निघालेल्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूंचे नाव मिळाले. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय याच रयत शिक्षण संस्थेचे. त्याच्या आवारात शिरणाऱ्या मुलाला आपण कुणाच्या वारशात पाय ठेवतो आहोत याची कल्पना असेलच असे नाही, आणि ती असावीच असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही.

बाबासाहेबांच्या शैक्षणिक कामाची सुरुवातही वसतिगृहानेच झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढले. कॉलेज आले ते वीस वर्षांनी. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य म्हणून बाबासाहेबांनी निवडले ते अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकरांना. वैदिक परंपरेच्या घरातले संस्कृत पंडित, एल्फिन्स्टनमध्ये नाव कमावलेले. पुढे रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते अनेक वर्षे सिद्धार्थमध्ये पदार्थविज्ञान शिकवत होते. ही जातवार कॉलेजे होती, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे पाहावीत. दार पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडे होते. वेळापत्रक मात्र गरजू मुलाच्या सोयीचे होते. सकाळी तास, म्हणजे नंतर कचेरीत किंवा गोदीत कामावर जाता येई. मुंबईच्या कितीतरी कारकुनांनी, आणि त्यात सगळ्या जातींचे होते, याच सकाळच्या तासांवर पदवी मिळवली. बाबासाहेबांच्या खासगी संग्रहातली बरीच पुस्तकेही सिद्धार्थच्या ग्रंथालयात गेली.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतली कॉलेजे दार बंद असताना निघाली आणि दार उघडल्यावर त्यांना स्वतःचे समर्थन करावे लागले. पीपल्सची कॉलेजे दार उघडण्याच्या बेतात असताना निघाली. राज्यघटनेचा मसुदा ज्यांच्या हातून तयार व्हायचा होता, त्याच माणसाने कायद्याने दार उघडणे पुरेसे नाही असे गृहीत धरून त्याच वर्षांत कॉलेज उभारायला घेतले. राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली आणि त्याच वर्षी औरंगाबादला सोसायटीचे दुसरे कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. पुढे कॉलेजाला राजा मिलिंदाचे नाव मिळाले आणि आवाराला त्याच्या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या भिक्खू नागसेनाचे: नागसेनवन.

औरंगाबादच का, हे समजायला निजामाचे राज्य आठवावे लागते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती आणि पदवीसाठी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. नवे कॉलेजही आधी उस्मानियालाच जोडले गेले. मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९५८ मध्ये. अशा प्रदेशात, ज्या समाजात मॅट्रिक झालेला माणूस तालुक्यात शोधावा लागे, त्या समाजासाठी थेट कॉलेज काढणे हे व्यवहारी माणसाला वेडेपणाचे वाटले असते. कॉलेजाची व्यवस्था पाहायला बाबासाहेबांनी ज्यांना बोलावले, त्यांत निपाणीचे बळवंतराव वराळे होते. बेळगाव जिल्ह्यातले हे सहकारी घरदार हलवून मराठवाड्यात आले. त्यांचे नातू प्रसन्न वराळे यांनी १९९० ते १९९२ औरंगाबादच्या आंबेडकर विधी महाविद्यालयात शिकवले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

मिलिंदच्या पहिल्या वीस वर्षांत जे घडले, ते गुणवत्ता यादीच्या भाषेत सांगता येत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुले येत. खिशात पैसे नसत, अंगावर एक जोड कपडा. त्यांच्यासाठी वसतिगृह होते, आणि तिथे एक गोष्ट होती जी सीओईपीत किंवा फर्ग्युसनमध्ये त्या काळी मिळाली नसती: वर्गात पहिल्यांदा शिकणारा मुलगा हा अपवाद नव्हता. तो नेहमीचा विद्यार्थी होता. त्याच्या बोलीला कुणी हसत नव्हते, कारण हसणाऱ्याची बोलीही तीच. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ नाटक १९५५ मध्ये याच मुलांनी रंगमंचावर आणले. बाबासाहेबांनी ते पाहिले, आणि १९५६ च्या धर्मांतराच्या वेळी नागपुरात त्याचा पुन्हा प्रयोग झाला.

मग म. ना. वानखेडे आले. अमेरिकेत शिकून परतलेले इंग्रजीचे प्राध्यापक, पुढे मिलिंदचे प्राचार्य. निग्रो साहित्य त्यांनी तिथे जवळून पाहिले होते, आणि औरंगाबादच्या मुलांसमोर त्यांनी ते ठेवले: बघा, तिकडे ही माणसे आपल्याबद्दल स्वतः लिहितात, कुणाची परवानगी न घेता. गंगाधर पानतावणे त्याच आवारातले. त्यांच्या हातून १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक उभे राहिले आणि त्यांनी ते जवळजवळ पन्नास वर्षे चालवले. दलित साहित्याची पहिली पिढी त्यात छापली गेली, पहिल्यांदा वाचली गेली, पहिल्यांदा फटकारलीही गेली. ‘अस्मितादर्श’चे दिवाळी अंक मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे साधन आहेत. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ निघाली तेव्हा नाव थेट ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जगाशी मराठी दलित तरुणांची ओळख होण्यात नागसेनवनाचा वाटा मोठा होता. मुंबईच्या चाळींचाही होता. श्रेय कुणा एकाच्या पदरात टाकू नये.

एखादे कॉलेज केवळ पदवीधर घडवत नाही, आपली माणसे वाचतील असे मासिक, आपली माणसे बसतील असे नाट्यगृह आणि आपल्याच माणसांवर टीका करण्याची जागा घडवते. अशी कामे करणारे कॉलेज बंद पडले तर राखीव जागांचा कोटा भरूनही ती पोकळी भरत नाही, कारण कोट्यातला विद्यार्थी दुसऱ्याच्या घरी पाहुणा असतो.

मिलिंदला या कामाची किंमतही मोजावी लागली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामांतराच्या चळवळीत नागसेनवनाचे विद्यार्थी आघाडीवर होते. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या काळात किती मुलांची वर्षे मोर्च्यांत आणि तुरुंगात गेली, याची गणती कुठल्या निकालपत्रकात नाही.

आता उतरणीची बाजू. ती लपवून उपयोग नाही, आणि मिलिंदची माणसे ती स्वतःच मोठ्या आवाजात सांगतात. बाबासाहेबांच्या निधनानंतर पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या विश्वस्तपदांवरून गटांचे वाद सुरू झाले, ते रिपब्लिकन पक्षाच्या फुटींबरोबर वाढत गेले आणि कज्जे-खटल्यांत अडकले. संस्थेची शक्ती इमारती सांभाळण्यापेक्षा इमारतींवरचा हक्क सांभाळण्यात गेली. त्यात सगळ्याच अनुदानित कॉलेजांचे दुखणे मिसळले: प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, आणि तास भागवायचे ते सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षातले काही महिने मानधन घेऊन शिकवणाऱ्यांकडून. ज्या कॉलेजात पहिल्या पिढीचा विद्यार्थी अधिक, तिथे शिक्षकाची रिकामी खुर्ची अधिक महागात पडते, कारण त्या मुलाच्या घरी क्लास लावायला पैसे नसतात.

पण उतरणीचे सगळे खापर संस्थेवर फोडणे हा सोपा मार्ग आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा ओघ कला-वाणिज्याकडून इंजिनिअरिंगकडे वळला. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले. त्यावर त्याच वर्षीच्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीचा आणि २००६ च्या राज्य कायद्याचा उतारा आला, आणि खासगी व्यावसायिक कॉलेजांतही राखीव जागा आल्या. शिक्षण शुल्क सरकार भरू लागले. यामुळेच वाकडच्या मुलीला ताथवड्याचे दार उघडले. आणि यामुळेच तालुक्यातला सगळ्यात हुशार दलित मुलगा, जो १९६० मध्ये नागसेनवनात जाणार हे ठरलेले असे, तो आता तिथे जात नाही.

उरतात ते कोण? ज्याला सीईटीचा क्लास परवडला नाही तो. जिला गावापासून लांब पाठवायला घर तयार नाही ती. बारावीला एकदा नापास होऊन पुन्हा बसलेला. दुधावरची साय काढून घेतल्यावर दूध पातळ झाले म्हणून गवळ्याला दोष द्यायचा, असा हा न्याय आहे. मोजमाप करायचे तर मूल आत येताना कुठे होते आणि बाहेर पडताना कुठे पोहोचले, हे अंतर मोजायला हवे. नॅकच्या श्रेणीतही, वर्तमानपत्री ‘टॉप टेन’मध्येही ते अंतर फारसे दिसत नाही. १९५० मध्ये जो विद्यार्थी समोर धरून हे कॉलेज काढले गेले, तो अजूनही त्याच दारात उभा आहे. फक्त आता त्याच्याकडे पाहणारे कमी आहेत, कारण त्याचे हुशार चुलतभाऊ हिंजवडीला पोहोचले आहेत.

आणि पोहोचलेल्यांचे काय? या प्रश्नावर मिलिंदच्याच एका विद्यार्थ्याने दोनदा बोट ठेवले. सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून औरंगाबादला आले, मिलिंदमधून बीए झाले, जेएनयूत अर्थशास्त्र शिकले आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाची चौकशी करणारी समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली आणि २००७ मध्ये तिचा अहवाल आला. देशातल्या सर्वांत अवघड परीक्षेतून आत आलेल्या दलित-आदिवासी मुलांना वसतिगृहात छळामुळे ठरावीक मजल्यांवर एकवटावे लागते, जेवणाच्या टेबलावर, खेळाच्या मैदानावर टाळले जाते, असे त्यात नोंदले होते. दार उघडे असलेल्या इमारतीच्या आत आणखी एक दार असते, हे नागसेनवनात राहिलेल्या माणसाला लवकर दिसले असणार.

दुसरे काम वाकडच्या अधिक जवळचे आहे. थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. जाहिराती खासगी कंपन्यांच्या. अर्जांवरची शिक्षण-पात्रता तुल्य, वेगळी होती ती आडनावे. दलित आडनावाच्या उमेदवाराला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच भरली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. हा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात या निष्कर्षाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. मराठवाडा-विदर्भातला शिकलेला दलित तरुण आधी इथे आला तो सरकारी दारांतून. देहूरोडचा दारूगोळा डेपो, खडकीचे कारखाने, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. सरकारी आणि सार्वजनिक उद्योगांत राखीव जागा होत्या, बढतीची वाट ठरलेली होती, क्वार्टर मिळत. देहूरोडला १९५४ मध्येच कामगारांची वस्ती एवढी जागी होती की २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथे बसवली. धर्मांतराच्या पावणेदोन वर्षे आधीची ही घटना. दरवर्षी त्या तारखेला तिथे गर्दी लोटते आणि पुस्तकांची दुकाने लागतात. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या सवलतींचा घोळ झाला, राज्याने नवबौद्धांना त्या दिल्या, केंद्राची मान्यता मात्र १९९० मध्ये आली. या मधल्या काळात डेपोतल्या अनेक घरांनी कागदावर एक आणि घरात दुसरा धर्म सांभाळला.

हिंजवडीच्या आयटी पार्कात राखीव जागा नाहीत. तिथे पहिली नोकरी मिळते ती कॅम्पस प्लेसमेंटमधून, दुसरी बहुतेकदा रेफरलने. रेफरल देणारा कोण? एकाच कॉलेजचा, एकाच शाळेचा, एकाच पेठेचा माणूस. आडनाव विचारायची गरज पडत नाही, ओळखीच्या साखळीतच ते आलेले असते. हॉवर्ड-मोरहाउसच्या पदवीधरांना अमेरिकेत जी गोष्ट मोलाची वाटते, ती हीच साखळी. मोरहाउसमधून १९४८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बाहेर पडले, हॉवर्डमधून १९८६ मध्ये कमला हॅरिस. तिथला माजी विद्यार्थी म्हणजे नोकरीला शब्द टाकणारा मोठा भाऊ. मिलिंदने अशी साखळी नोकरशाहीत, न्यायालयांत, प्राध्यापकीत तयार केली. सॉफ्टवेअरमध्ये ती तयार व्हायच्या आत हुशार मुले विखुरली, आणि ताथवड्यातला विद्यार्थी आपल्या कॉलेजचा असतो, आपल्या माणसांचा नसतो.

अमेरिकेत अशा कॉलेजांवरच्या अन्यायाच्या भरपाईचा हिशेब निदान न्यायालयात मांडला गेला. १९९२ च्या फोर्डिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपी राज्याला सांगितले की कागदावरचा भेद काढून टाकला म्हणजे जबाबदारी संपत नाही. मेरिलँडने २०२१ मध्ये आपल्या चार कृष्णवर्णीय विद्यापीठांना अनेक दशकांच्या कमी निधीपोटी ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचे मान्य केले. २०२३ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली, आणि ज्या कॉलेजांचे काम संपले असे म्हटले जात होते त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वळले. आपल्याकडे दलितांनी काढलेल्या कॉलेजांचा कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे त्यांना कमी मिळाले का, किती कमी, हा प्रश्न कुणाच्या फायलीत येत नाही.

जे येते ते विद्यार्थ्याच्या खात्यात, तुटक. राज्य सरकारने २०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आणली. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले: भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. योजना चांगली आहे, आणि तिच्यावर अनेक मुले शिकली. तरी निवासाचे २० हजार म्हणजे महिन्याला सोळाशे सदुसष्ट रुपये होतात, आणि वाकड-ताथवड्यात या पैशांत कॉट बेसिसवर एक पलंगही मिळत नाही. हिंजवडीतल्या नोकरदारांनी इथले पीजी भरलेले असतात, भाडे त्यांच्या पगारावर ठरते. मुले मग पुनावळे, रावेत, देहूरोडकडे सरकतात, दोन बस बदलून कॉलेजला येतात. खोलीच्या मालकाला डिपॉझिट जूनमध्ये लागते. स्वाधारचा हप्ता अर्ज, छाननी आणि उपस्थितीचा दाखला यांतून बऱ्याचदा दिवाळीच्या पुढे जातो. तोवर घरून पैसे मागवायचे, नाहीतर संध्याकाळी डिलिव्हरीच्या गाडीवर बसायचे.